नक्कल आणि अस्सल : चित्राच्या पीडीएफची कुळकथा

शिरूर तालुक्यातले केंदूर वारकरी मंडळींना संत कान्होराज पाठकांचे गाव म्हणून ठाऊक आहे. जवळचे पाबळ बहुतेक शिक्षकांना ठाऊक असते ते डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली तिथे सुरू केलेल्या विज्ञान आश्रमामुळे. या परिसरातल्या एखाद्या जुन्या शाळेची आपण कल्पना करू. कपाटात शाळेचे पहिले जनरल रजिस्टर आहे. पाने पिवळी पडली आहेत, कडा कुरतडल्या आहेत, शाई कुठे विटली आहे तर कुठे फुटली आहे. या रजिस्टराची पीडीएफ करून पाठवा, अशी सूचना येते. गुरुजी मोबाइलवर दोनशे पानांचे फोटो काढतात आणि त्यांची एक पीडीएफ बनवतात. मग तक्रारी सुरू होतात. फाइल इतकी मोठी की पाठवता येत नाही. लहान केली तर अक्षर वाचता येत नाही. काही पाने आडवी आली आहेत. पहिल्या पानानंतर दहावे आले आहे. शोधाच्या चौकटीत नाव लिहिले तर 'सापडले नाही' असे उत्तर येते.

शाळा कल्पनेतली असली तरी गरज खरी आहे. २०२३ साली निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीच्या कामासाठी कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला. प्रथम मराठवाड्यात आणि नंतर राज्यभर महसुली कागद, जन्ममृत्यूच्या नोंदी आणि शाळांची जुनी रजिस्टरे तपासली गेली. अनेक जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर अशा पानांच्या पीडीएफ ठेवल्या गेल्या, आणि घरोघरी माणसे मोबाइलवर आपल्या पणजोबांचे नाव शोधू लागली. अशा वेळी एखादे अक्षर पुसट आले किंवा एखादे पान गळले, तर ते एका कुटुंबाच्या पुराव्यातूनच गळते.

या तक्रारींना आपण 'संगणकाची कटकट' म्हणतो आणि दुसरे ॲप शोधू लागतो. परंतु प्रत्येक तक्रारीमागे एक ठरावीक कारण आहे, आणि त्या कारणाला इतिहास आहे. तो समजला तर उपायही आपोआप सुचतो. म्हणून ही कुळकथा.

नकलाकारांच्या चुका

छापखाना येण्यापूर्वी पोथीची प्रत हातानेच करावी लागे. पोथी संपली की अनेक लेखनिक शेवटी एक मजकूर लिहीत. त्याचा आशय असा, की समोरच्या पोथीत जसे दिसले तसे मी उतरले, शुद्ध-अशुद्धाचा दोष मला देऊ नका. आपली नक्कल चुकू शकते याची ही स्पष्ट कबुलीच होती.

या चुका साधारण तीन प्रकारच्या असत. पहिला प्रकार गळण्याचा. एकच शब्द जवळजवळच्या दोन ओळींत आला की नजर एका ओळीवरून दुसरीवर उडी मारते आणि मधला मजकूर राहतो. दुसरा प्रकार सारखेपणाचा. घ आणि ध, भ आणि म, प आणि य यांची गल्लत होते. तिसरा प्रकार सर्वांत अवघड. लेखनिकाला मूळ शब्द कळत नाही, म्हणून तो आपल्या ओळखीचा शब्द तिथे घालतो. पहिल्या दोन प्रकारांत वाचणारा निदान अडखळतो. तिसऱ्या प्रकारात वाक्य सुरळीत लागते, त्यामुळे चूक झाली आहे हेच कळत नाही.

ज्ञानेश्वरीच्या प्रतींमध्ये असे पाठभेद साचत गेले होते. संत एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ साली, ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली. उपलब्ध पाठ समोर ठेवून ते ताडून पाहणे ही त्यांची रीत होती. नक्कल खरी आहे का, हे नकलेकडे कितीही निरखून पाहिले तरी कळत नाही. ती दुसऱ्या प्रतीशी किंवा मुळाशी ताडूनच पाहावी लागते. ही गोष्ट ध्यानात ठेवून आपण यंत्रांकडे वळू.

चित्राचे ठिपके झाले

अलेक्झांडर बेन या स्कॉटिश घड्याळजीने १८४३ साली तारेवरून चित्र पाठवण्याच्या यंत्राचे पेटंट घेतले. इटलीच्या जोव्हान्नी कासेल्ली यांच्या यंत्रावर १८६५ साली पॅरिस आणि लिआँ या शहरांदरम्यान अशी सेवा प्रत्यक्ष सुरूही झाली. दोन्हींमागची युक्ती एकच होती. कागदावरून एकामागून एक बारीक रेघा ओढत जायचे, आणि त्या रेघेवर शाई आहे की नाही एवढेच पलीकडे कळवायचे. आजचा स्कॅनर किंवा मोबाइलचा कॅमेरा वेगळ्या साधनांनी हेच करतो. तो पानाचे ठिपके पाडतो. 'क' हे अक्षर त्याला माहीत नसते. अमुक ठिकाणी काळा ठिपका आहे, एवढेच तो नोंदवतो.

शोधाच्या चौकटीत नाव का सापडत नाही, याचे उत्तर इथेच आहे. फोटोपासून केलेल्या पीडीएफमध्ये अक्षरे नसतातच, असतात ते ठिपके. त्यांतून अक्षर ओळखण्यासाठी वेगळे सॉफ्टवेअर लागते. छापील देवनागरीवर ते आता बऱ्यापैकी काम करते, पण जुन्या हस्ताक्षरावर त्याचा भरवसा धरता येत नाही. मोडीची वाट तर आणखी लांबची. देवनागरीला युनिकोडमध्ये १९९१ साली, अगदी पहिल्या आवृत्तीतच जागा मिळाली. मोडीला ती २०१४ साली मिळाली. त्यामुळे मोडी नोंद वाचायला अजून मोडी जाणणारे माणूसच लागते.

फॅक्स यंत्रांचा प्रसार झाला तेव्हा या ठिपक्यांसाठी आंतरराष्ट्रीय नियम ठरले. 'गट ३' हा नियम १९८० साली आला आणि 'गट ४' १९८४ साली. 'पांढरा, पांढरा, पांढरा' असे हजार वेळा सांगण्याऐवजी 'हजार पांढरे' असे एकदाच सांगायचे, अशी ही काटकसर होती. तीत काहीही गळत नाही. परंतु अट अशी, की प्रत्येक ठिपका एक तर काळा हवा किंवा पांढरा. अधलेमधले काही चालत नाही. म्हणून यंत्र एक उंबरठा ठरवते. त्याच्या अलीकडचे सगळे पांढरे आणि पलीकडचे सगळे काळे.

नव्या छापील कागदावर हे उत्तम चालते. जुन्या रजिस्टरावर मात्र विटलेली शाई पांढऱ्यात जाते आणि पिवळा डाग काळ्यात जातो. त्यातून 'ठिपके साफ करा' ही सोय चालू असली तर आणखी एक अपघात होतो. यंत्र बारीक सुटे ठिपके धूळ समजून पुसते. देवनागरीत असा सुटा ठिपका म्हणजे अनुस्वार! चिता आणि चिंता यांत एका बिंदूचा फरक असतो, हे आपण मुलांना सांगतोच. जमिनीच्या उताऱ्यावरचा दशांश चिन्हाचा ठिपकाही असाच जाऊ शकतो.

जागेची काटकसर

तेव्हा जुने पान रंगीत घ्यावे हे उघड आहे. मग ते किती जागा घेईल? हे गणित वर्गात करण्यासारखे आहे.

ए-४ कागद सुमारे ८.२७ इंच रुंद आणि ११.६९ इंच लांब असतो. एका इंचात ३०० ठिपके धरले, तर रुंदीत सुमारे २,४८० आणि लांबीत सुमारे ३,५०८ ठिपके होतात. गुणाकार येतो सुमारे ८७ लाख. रंगीत चित्रात प्रत्येक ठिपक्याला तांबडा, हिरवा आणि निळा यांसाठी एकेक, म्हणजे तीन बाइट लागतात. एका पानाचे झाले सुमारे २ कोटी ६१ लाख बाइट, आणि दोनशे पानांचे ५०० कोटींहून जास्त. हेच पान फक्त काळ्या-पांढऱ्यात घेतले तर आठ ठिपके एका बाइटात मावतात आणि जेमतेम ११ लाख बाइटांत काम होते. दोन्हींत २४ पटींचा फरक आहे.

हा डोंगर लहान करण्याची वाट १९७४ साली प्रसिद्ध झालेल्या एका शोधनिबंधाने दाखवली. त्याचे लेखक होते नासिर अहमद, टी. नटराजन आणि के. आर. राव. यांतले नासिर अहमद मूळचे बंगळूरचे. चित्रातले बदल सावकाश होणारे आणि झटपट होणारे अशा लाटांमध्ये वेगळे करण्याची गणिती रीत त्यांनी मांडली. १९९२ साली ठरलेल्या जेपेग या प्रकारात तीच रीत वापरली आहे. चित्राचे आठ बाय आठ ठिपक्यांचे चौकोन करायचे आणि डोळ्याला सहसा न जाणवणारे बारीक, झटपट बदल टाकून द्यायचे. आंब्याच्या किंवा डोंगराच्या चित्रात ही चलाखी खपून जाते. अक्षराची कड म्हणजे मात्र झटपट बदलच: इकडे शाई, तिकडे कागद. म्हणून जास्त दाबलेल्या जेपेगमध्ये अक्षराभोवती धुरकट कण दिसतात आणि जोडाक्षरे बुजतात.

टाकून दिलेले परत येत नाही. फोटो एकदा व्हॉट्सॲपवर 'फोटो' म्हणून पाठवला की तो लहान होतो. त्याची पीडीएफ करताना ॲप पुन्हा दाबते. संकेतस्थळाची मर्यादा काहीशे केबी असेल तर तिसऱ्यांदा दाबले जाते. म्हणजे नकलेच्या नकलेची नक्कल. हाच फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवला तर मूळ फाइल जशीच्या तशी जाते. शिवाय पीडीएफच्या नियमांप्रमाणे जेपेग चित्र न बदलता आत ठेवता येते. काही सॉफ्टवेअर तसे ठेवतात, काही न विचारता पुन्हा दाबतात. चित्रांच्या एकूण आकारापेक्षा पीडीएफ फार लहान झाली, तर चित्रे दाबली गेली असे समजावे.

कागदांचा रुमाल

पुण्याच्या पेशवे दफ्तरात जुने कागद कापडात बांधून ठेवतात. त्या गठ्ठ्याला रुमाल म्हणतात. पीडीएफ हा संगणकातला असाच रुमाल आहे. अडोबी कंपनीचे जॉन वॉरनॉक यांच्या कल्पनेतून हा प्रकल्प सुरू झाला आणि १९९३ साली पीडीएफ बाजारात आली. कोणत्याही संगणकावर आणि कोणत्याही छपाई यंत्रावर पान सारखेच दिसावे, हा तिचा हेतू. २००५ साली दीर्घकाळ जतनासाठी तिचा 'पीडीएफ/ए' हा प्रकार प्रमाणित झाला आणि २००८ साली पीडीएफ स्वतःच आंतरराष्ट्रीय प्रमाण बनली. रुमालात काय बांधले आहे, याची हमी मात्र रुमाल देत नाही.

आपल्या बाकीच्या बऱ्याच तक्रारी या बांधणीच्या आहेत. पीडीएफ पानाची लांबी इंचाच्या बहात्तराव्या भागात मोजते. मोबाइलच्या फोटोत ४,००० बाय ३,००० ठिपके असले आणि सॉफ्टवेअरने एका ठिपक्याला एक भाग दिला, तर पानाची लांबी ४,००० भागिले ७२, म्हणजे सुमारे साडेपंचावन्न इंच होते. वहीएवढे पान जवळजवळ दीड मीटरचे! फोटो बिघडलेला नसतो. पानाचा आकार ए-४ ठरवून दिला की काम भागते.

पाने आडवी येतात त्याचे कारणही असेच साधे आहे. मोबाइल अनेकदा फोटो प्रत्यक्ष फिरवत नाही. 'हा उभा दाखवावा' अशी चिठ्ठी तो फाइलीला जोडतो. काही सॉफ्टवेअर ती चिठ्ठी वाचत नाहीत. क्रम बिघडतो तो नावांमुळे. संगणकाने नावे शब्दकोशाच्या रीतीने लावली तर १ नंतर १० येतो आणि २ मागे पडतो. नावे ००१, ००२, ०१० अशी दिली की प्रश्न मिटतो. आणि 'फाइल खराब आहे' हा निरोप? पीडीएफमधल्या कोणत्या गोष्टी कुठे आहेत याची सूची सहसा फाइलीच्या शेवटी असते. फाइल अर्धवट उतरली तर ही सूचीच आलेली नसते. म्हणून आधी फाइल पुन्हा उतरवून पाहावी.

हे प्रश्न मोठ्या प्रकल्पांनाही चुकले नाहीत. अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठाचे राज रेड्डी यांच्या पुढाकारातून दहा लाख पुस्तकांचा प्रकल्प सुरू झाला. त्याचा भारतातला भाग म्हणजे 'डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया'. तिच्या संकेतस्थळाचे उद्घाटन राष्ट्रपती डॉ. अब्दुल कलाम यांनी २००३ साली केले. तिथे पुस्तकाचे प्रत्येक पान ही एक स्वतंत्र चित्रफाइल होती, टिफ प्रकारची. सलग वाचायचे तर वाचकाला ती पाने उतरवून त्यांची पीडीएफ करावी लागे. पुढे लाखो पुस्तके इंटरनेट अर्काइव्ह या संग्रहात पीडीएफ रूपात गेली. हजारो मराठी पुस्तके त्यामुळे घरबसल्या वाचता आली, हे या कामाचे मोठे श्रेय. पण मराठी शीर्षके रोमन लिपीत वेडीवाकडी नोंदवलेली असणे, पाने गळणे किंवा तिरपी येणे असे दोषही त्यांत राहून गेले. पान गळले आहे हे पुस्तक हाती असताना कळते; ते कपाटात परत गेल्यावर नाही.

यंत्राने बदललेले आकडे

आतापर्यंतच्या चुका डोळ्यांना दिसणाऱ्या होत्या. पोथीच्या लेखनिकाची तिसऱ्या प्रकारची, न दिसणारी चूक यंत्रही करू शकते, हे २०१३ साली उघड झाले.

त्याआधी २००० साली 'जेबिग-२' नावाची नवी काटकसर आली होती. जुन्या छापखान्यात कंपोझिटर एकाच अक्षराचे खिळे पुन्हा पुन्हा वापरत असे. या रीतीत संगणक पानावरून स्वतःचे खिळे बनवतो. एक 'क' पाहिला की त्याचा ठसा ठेवतो, आणि पुढे तसाच आकार दिसला की नवा न साठवता 'पहिलाच ठसा इथे लावा' असे लिहितो. फाइल फारच लहान होते. धोका 'तसाच' या शब्दात आहे. दोन आकार हुबेहूब नसतील, पण यंत्राला ते पुरेसे सारखे वाटले तर?

ऑगस्ट २०१३मध्ये डेव्हिड क्रीझेल या जर्मन संगणकतज्ज्ञाने दाखवून दिले, की झेरॉक्स कंपनीच्या काही यंत्रांवर स्कॅन केलेल्या कागदांत आकडे बदलत आहेत. एका इमारतीच्या नकाशात २१.११ चौरस मीटरच्या खोलीचे क्षेत्रफळ स्कॅननंतर १४.१३ झाले होते, कारण शेजारच्या खोलीचा ठसा तिथे लागला होता. दुसऱ्या एका तक्त्यात इंग्रजी सहाच्या जागी आठ येत होते. कुठेही धूसर डाग नाही की तुटकी रेघ नाही; बदललेला आकडा स्वच्छ आणि ठळक होता. कंपनीने पुढे ही चूक मान्य करून यंत्रांसाठी दुरुस्तीचे सॉफ्टवेअर दिले. मूळ कागद नष्ट करून फक्त स्कॅन ठेवायचा असेल तर जेबिग-२ वापरू नये, असा दंडक जर्मनीच्या माहिती-सुरक्षा संस्थेने २०१५ साली घातला.

आमच्या मते या सगळ्या इतिहासातला शिक्षकांसाठी सर्वांत मोलाचा प्रसंग हाच. धूसर पान वाचणाऱ्याला सावध करते. स्वच्छ दिसणारे चुकीचे पान त्याला निर्धास्त करते. गट क्रमांक, जन्मतारीख, परीक्षेचे गुण अशा ठिकाणी पुढचे-मागचे वाचूनही चूक सापडत नाही, कारण एका आकड्याच्या जागी दुसरा आकडा तितकाच शोभतो. आज मोबाइलची काही ॲप पुसट चित्र 'सुधारून' देतात. ती सुधारणा म्हणजे बरेचदा यंत्राचा अंदाज असतो. जुन्या नोंदींसाठी असली सोय बंद ठेवणेच बरे.

शाळेत हे कसे करावे?

आता आपल्या कल्पनेतल्या रजिस्टराकडे परत जाऊ. पान सपाट ठेवावे, उजेड बाजूने पण सारखा पडू द्यावा आणि कॅमेरा पानाला समांतर धरावा. फोटो रंगीत घ्यावा. कोरी पानेसुद्धा सोडू नयेत, म्हणजे क्रम जुळतो. फाइलींना तीन आकडी क्रमांक द्यावेत. मूळ फोटो न दाबता दोन ठिकाणी जपून ठेवावेत. पाठवण्यासाठी लहान पीडीएफ करायची ती या मूळ फोटोंवरून, आधीच्या पीडीएफवरून नव्हे. मर्यादा फारच कमी असेल तर दर्जा घटवण्याआधी रजिस्टराचे भाग पाडून पाहावे. कोणत्या पानावर कोणत्या सालची आणि कोणत्या क्रमांकांची नोंद आहे याची सूची हाताने करून जोडावी. नाव शोधणाऱ्याला तिचा फार उपयोग होतो. आणि मूळ रजिस्टर कपाटातच राहू द्यावे.

शेवटचे काम ताडून पाहण्याचे, आणि ते मुलांकडून करून घेण्यासारखे आहे. रजिस्टरात इतरांची खाजगी माहिती असते, म्हणून त्यासाठी एखादा जुना छापील तक्ता किंवा रेल्वेचे वेळापत्रक घ्यावे. एका गटाने त्याचा फोटो काढून तीन प्रकारे पीडीएफ करावी: रंगीत, काळी-पांढरी आणि अगदी लहान दाबलेली. दुसऱ्या गटाने मूळ तक्ता न पाहता पीडीएफवरून आकडे उतरून घ्यावेत. मग दोघांनी मिळून मुळाशी ताडावे आणि चुका मोजाव्यात. किती आकडे वाचताच आले नाहीत आणि किती चुकीचे वाचले गेले, हे वेगवेगळे लिहावे. न वाचता आलेल्या आकड्यांपाशी निदान मुले थांबलेली असतात. चुकीचे वाचलेले आकडे मात्र त्यांनी बिनदिक्कत उतरून घेतलेले असतात. दुसरा रकाना किती भरतो, हे वर्गासमोर फळ्यावर मांडावे.